आठवत नाही ते कोरं

माझ्या ताईच्या टेबलाचे पाय कापलेले आहेत. चांगलं भक्कम लाकडी टेबल होतं. कचेरीतून निवृत्त होताना तिने ते साहेबांकडून मागून घेतलं आणि घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून चारही पाय गुडघ्याच्या खाली येतील एवढे कापून टाकले. सुताराने दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना? मागाहून जोडता येत नाहीत." तिसऱ्यांदा मी विचारलं, तर म्हणाली, "छोटू, तुला उभ्याने काढायचं असेल तर तू तुझं वेगळं टेबल घे." आज मी पासष्टीचा आहे, जिना चढताना गुडघे धरतो, छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवून त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तरी मला छोटू म्हणणारी ही एक बाई अजून शिल्लक आहे.

ताई लहान मुलं काढते. म्हणजे चित्रं काढते, लहान मुलांची. जमिनीवर घडी घातलेली चादर, तिच्यावर ताई, आणि तिच्यापुढे ते बुटकं टेबल. तिचं म्हणणं असं की मोठ्यांच्या उंचीवरून मूल काढलं की नुसतं टाळकं येतं. मुलाला जग दिसतं ते खालून. त्याला टेबलाची खालची बाजू माहीत असते, कोटाची शिवण माहीत असते, दाराची कडी आभाळात असते. चित्रकाराला हे ठाऊक नसेल तर त्याने फळं काढावीत, मुलांच्या वाटेला जाऊ नये, असं ती म्हणते. ती नाकावर माशी बसू देत नाही, हे मी घरचा माणूस म्हणून सांगतो.

एकतीस वर्षं तिने शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. तिथे मुलं हसरी लागत. धडा कसलाही असो, मूल हसरं, केस विंचरलेले, मोजे वर ओढलेले. एकदा तिने एका मुलीचा एक मोजा घसरलेला काढला. साहेबांनी चित्र परत पाठवलं, मोजा वर घ्या म्हणून. ताई पेन्सिल घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "घेते वर. पण मग ही मुलगी धावत आली होती की नाही, ते तुम्ही ठरवा." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मोजा तसाच छापला. ताईच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तिला हवं तसं छापलं गेलेलं हे बहुधा एकच चित्र असेल.

निवृत्त झाल्यावर तिने स्वतःचं काम सुरू केलं. माणसं तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येतात, आपल्या लहानपणातला एक प्रसंग सांगतात आणि ती तो काढते. एकच प्रसंग, आणि तोही ज्याचा फोटो नाही असा. कुणी फोटो घेऊन आला तर त्याला ती चहा पाजते आणि परत पाठवते. बाकीच्यांना जमिनीवर बसवते. सूट घातलेला मोठा अधिकारी असो, नाहीतर आठ महिन्यांची पोटुशी बाई असो, तिला उशी देऊन का होईना, पण खालीच. मग म्हणते, "सांगू नका नुसतं. करून दाखवा."

भिंतीवर खिळ्याला एक दोरी लोंबते. तिला गाठी मारलेल्या आहेत. जमिनीपासून पहिली गाठ दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीची, मग तीन, चार, अशी बारापर्यंत. प्रसंग सांगून झाला की ताई तो त्या दोरीपाशी नेते.

एकदा एक बसचालक आला होता, दाराएवढा माणूस. मी तेव्हा तिथेच पेपर वाचत बसलो होतो. त्याचे वडील घर सोडून गेले ती सकाळ त्याला हवी होती. तो बंद दारापाशी उभा होता, हात कडीला लागला होता, पण त्याने कडी काढली नाही. "काढली असती तर मागे धावलो असतो, थांबले असते ते. दहा वर्षांचा होतो बाई, कळत होतं मला सगळं." ताईने त्याला कडीला हात कसा लागला ते करायला लावलं. तो टाचा उंचावून, हात ताणून, बोटांची टोकं हवेत धरून उभा राहिला. कडी किती उंच, तर आईच्या खांद्याला. ताईने दोरीकडे बोट दाखवलं. "दहाचं पोर कडीसमोर टाचा उंचावत नाही. कडी त्याच्या तोंडासमोर येते. तुम्ही पाचाचे होता, फार तर साडेपाचाचे. कडीला हात लागला असेल, पण ती उघडण्याएवढा जोर तुमच्यात नव्हताच." तो माणूस तिथेच मटकन बसला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. मी पेपरात डोकं खुपसून तीच जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

आणि तिचा मुख्य नियम हा: जे आठवत नाही ते कोरं. झग्याचा रंग आठवत नाही? झगा पांढरा. समोर कोण बसलं होतं आठवत नाही? खुर्ची रिकामी. तिच्या चित्रांत अशी पुष्कळ भोकं असतात. ताई ती बुजवत नाही.

हा नियम तिने एकदा मोडला होता. एक परिचारिका आली होती, तिला खिडकीपाशी तापात पडलेली सहा वर्षांची ती स्वतः हवी होती. पडदा आठवेना. चित्र तयार झालं तेव्हा ती त्या कोऱ्या पडद्याकडे बघून इतकी हिरमुसली, की ताईचं मन पाघळलं आणि तिने पडद्यावर बारीक निळी फुलं काढून दिली. दोन वर्षांनी ती बाई बहिणीला घेऊन आली. "बघ, आपला पडदा! अगदी हीच निळी फुलं, मला पक्की आठवतात." बहीण म्हणाली, पडदा पिवळा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. दोघी ताईच्या दारात कडाकडा भांडल्या. त्या गेल्यावर ताई मला म्हणाली, "तिच्याकडे जे थोडंफार उरलं होतं, त्यावर मी झाकण ठेवलं रे." तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

आता माझं सांगतो. इतका वेळ तिचं सांगत बसलो, कारण माझं सांगायला मला लाज वाटते.

मला माझ्या आईचं चित्र हवं होतं. मी साडेतीन वर्षांचा असताना आई गेली. ताई तेव्हा नऊची. घर बदलताना एक ट्रंक हरवली आणि आईचा एकुलता एक फोटो त्या ट्रंकेत होता. मी शाळामास्तर माणूस, उगाच गळा काढणारा नाही. पण रस्त्यात एखादी बाई पोराचं नाक पुसताना दिसली की अजून माझी पावलं थांबतात. पासष्टाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं?

ताईला आई अख्खी आठवते. उंच होती, दारातून वाकून यायची, दोरा दाताने तोडायची, बेसूर गायची. हे सगळं ती सांगते, हवं तितक्या वेळा सांगते. काढायचं म्हटलं की काखा वर. माझ्या लग्नाच्या आधी मी तिला पहिल्यांदा म्हटलं, मग चाळिशीत म्हटलं, मग दर दोन-चार वर्षांनी म्हणत राहिलो.

"तुला चेहरा काढता येतो ना? मग काढ की."

"काढेन. पण ती माझी आई होईल."

"आई काय आपण वाटून घेतली होती?"

"हो," ती शांतपणे म्हणायची. "मला नऊ वर्षं मिळाली, तुला साडेतीन. माझ्यातली काढून दिली तर तू तिलाच तुझी समजशील, आणि तुझ्याकडे जी आहे ती जाईल. तुझ्यातलं काय आहे ते सांग, मी लगेच काढते."

माझा नुसता तिळपापड व्हायचा. कारण माझ्याकडे आईची एक आठवण होती. एकच. ती मी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. सारखी हाताळली तर झिजेल, अशी भीती वाटायची.

गेल्या वर्षी ताईचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप, मग पेन्सिल. डॉक्टरांनी औषध दिलं आणि खोटा धीर दिला नाही. ताईने नवी माणसं घेणं बंद केलं. मग एका सकाळी फोन आला. "अजून चार-सहा चित्रं होतील या हाताने. तुझं काही असेल तर ये. मागाहून माझ्या नावाने खडे फोडत बसू नको."

मी दुपारी गेलो. खाली बसायला मला पाच मिनिटं लागली. ताईने उशी दिली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि म्हणाली, "हं."

मी सांगितलं. जिना आहे, अंधारा. आईने मला उचललंय. माझी हनुवटी तिच्या खांद्यावर आहे आणि मला मागे सरणाऱ्या पायऱ्या दिसतायत. तिच्या वेणीची हिरवी रिबीन माझ्या नाकाला गुदगुल्या करते, मी तिचं टोक चोखतो. ती पायऱ्या मोजते. अकरा झाल्या की थांबते, मला वर सरकवते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. आणि ती धापा टाकत असते.

"आजारी होती ना," मी म्हणालो. "छाती दुखत असणार. जिना चढायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं असणार. तरी मला उचलून चढायची."

"हे तुला आठवतं, की मागाहून घातलंस?"

"मागाहून," मी चिडून म्हणालो. "पण धापा खऱ्या."

"बरं. चेहरा?"

"दिसला नाही. माझं तोंड तिच्या खांद्यावर होतं म्हटलं ना."

"मग कोरा राहील."

"राहू दे."

ती रेघा ओढत होती, मधेच थांबत होती, पुन्हा ओढत होती. खांदा कुठला? डावा. कठडा कुठल्या बाजूला? तुझे हात कुठे? मी सगळं बिनचूक सांगत होतो. मला स्वतःचंच नवल वाटत होतं की बासष्ट वर्षांत काहीच झिजलं नाही.

"पाय कुठे होते तुझे?"

"लोंबत. बुटाची टोकं पायरीला लागायची. प्रत्येक पायरीला टक, टक. ती म्हणायची, पाय वर घे ना रे."

ताईची पेन्सिल थांबली.

"पायरीला लागायची? नक्की?"

"नक्की. तो आवाज मला अजून येतो."

तिने भिंतीवरच्या दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद पालथा घातला. "आज एवढं पुरे," म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं टोलवाटोलवी केली, आणि आता मी जीव काढून हातावर ठेवला तर आज पुरे! मी वाट्टेल ते बोललो. तू जगाची आठवण काढून देतेस आणि सख्ख्या भावाला झुलवतेस, असंही बोललो. तिने मला हात देऊन उठवलं, आणि तिचा हात थरथरत होता ते मला कळलं, तरी मी तणतणतच जिना उतरलो.

बारा दिवस मी फोन केला नाही. तेराव्या दिवशी तिनेच केला. "झालं आहे. ये."

चित्र बुटक्या टेबलावर उभं करून ठेवलं होतं. जिना होता, कठडा होता, हिरवी रिबीन होती. साऱ्या चित्रात रंग तेवढाच. तीन वर्षांचं एक गुबगुबीत पोर खांद्यावर मान टाकून होतं आणि त्याचे बूट पायरीला टेकले होते. आणि त्याला उचलून, पाठीतून मागे वाकून, दोन्ही हातांची बोटं त्याच्या खाली कशीबशी एकमेकांत अडकवून एक काटकुळी मुलगी जिना चढत होती. चेहऱ्याच्या जागी नुसता कागद.

"हे काय आहे?" मी म्हणालो. "ही आई नाही."

"नाही."

"मी आई सांगितली होती तुला!"

"तू बूट सांगितलेस," ती म्हणाली.

मी शाळामास्तर. मी कागद ओढला आणि गणित मांडलं, तिचं चुकलंय हे दाखवायला. साडेतीन वर्षांचं पोर, तीनच्या आणि चारच्या गाठीच्या मधे. त्याची हनुवटी खांद्यावर ठेवली तर तिथून खाली बुटापर्यंत एवढं. आता आईचा खांदा. आई दारातून वाकून यायची. मी आकडे लिहिले, वजा केले. पोराचे बूट आईच्या गुडघ्यांपर्यंत येत होते. तिने त्याला कडेवर घेतलं असतं, जसं मोठं माणूस घेतं, तर त्याहूनही वर. पायरीला लागणं शक्यच नव्हतं. मी पुन्हा मांडलं. पायरी उंच धरली, पोर लांब धरलं. मग आईच्या जागी नऊची गाठ धरली, आणि बूट बरोबर पायरीवर आले.

पेन्सिल खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

"आई तेव्हा दवाखान्यात होती," ताई म्हणाली. "चार महिने. बाबा कारखान्यातून अंधार पडल्यावर यायचे. तू दिवसभर खालच्या म्हातारीकडे असायचास. मी शाळेतून आले की तुला घेऊन वर यायची. तू चालायचा नाहीस. पहिल्याच पायरीवर फतकल मारायचास."

"आणि धापा?"

"तू काय हलका होतास?"

मला हसू आलं नाही. माझ्याकडे आईचं एक होतं, तेही गेलं होतं. मी ते मोठ्याने म्हटलं. "मग माझ्याकडे आईचं काहीच नाही ताई. इतकी वर्षं मी तुझ्या गळ्यात पडून आई आई म्हणत होतो."

"ती उंच काढून बघितली," ताई म्हणाली. "दहा दिवस तेच करत होते. खांदा वर घेतला, गुडघे लांब केले, म्हटलं छोटूला त्याची आई मिळू दे, कुणाला कळतंय? तीन कागद फाडले. पायरीवरून तुझे बूट उचलायला लागत होते. ते माझ्याने झालं नाही." मग ती थांबली. "तुला आईच हवी असेल तर अजून काढून देते. उंच. आज हात बरा आहे. पण तू सांगायला हवंस."

मी चित्राकडे बघत राहिलो. काय सांगायचं? उंच काढ म्हटलं असतं, तर तिने काढली असती. आयुष्यभराचा नियम तिने माझ्यासाठी बाजूला ठेवला असता, मला ठाऊक आहे. मला ते फार हवं होतं. अजूनही हवं आहे, खोटं कशाला बोलू. पण ती काटकुळी मुलगी समोर मागे वाकून उभी होती आणि तिने मला खाली ठेवलं नव्हतं. तिला पुसून टाक, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

"राहू दे," मी म्हणालो. "हीच."

ताईने मान हलवली. मला वाटलं, आता ती चित्र गुंडाळून देईल. पण ती चित्रासमोर तशीच बसून राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"ती रिबीन," तिने विचारलं. "हिरवी होती?"

"तुलाच ठाऊक असेल की. तुझ्याच वेणीला होती."

"मला नाही आठवत." ती माझ्याकडे वळली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण असं विचारताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "मला दूध तापवलेलं आठवतं, तुझे कपडे आठवतात, बाबांचा डबा आठवतो. मी कशी होते ते काही दिसत नाही रे. मी स्वतःला कधी काढलं नाही ते त्यामुळेच. सगळा कागदच कोरा राहिला असता. मला बघायला कोण होतं तेव्हा?"

मी चित्रातल्या पोरावर बोट ठेवलं.

"तू होतास होय," ती म्हणाली, आणि तिने माझी बाही धरली. "आणखी सांग ना. ती कशी होती?"

मी सरकून तिच्याजवळ बसलो. जे त्या दिवशी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, कारण तेवढं मी माझ्या एकट्यापाशी ठेवलं होतं. अकराव्या पायरीवर जिना वळायचा. तिथे सगळ्यात जास्त काळोख असायचा आणि मी रडायला लागायचो. ती मला वर सरकवायची, गाल माझ्या डोक्यावर टेकवायची आणि म्हणायची, घाबरू नको, मी आहे ना. मग पुन्हा एक, दोन, तीन.

ताईने चित्र जवळ ओढलं.

"मी म्हणायची असं?" तिने विचारलं.

"रोज," मी म्हणालो.